मेलेल्या गाड्यांवरच्या सह्या

पेट्रोलच्या गाड्या मोडीत काढायचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा झाडून सगळ्या गॅरेजवाल्यांनी सरकारच्या नावानं बोटं मोडली. एकट्या नाडीवाले मिस्त्रींनी नाही. लांब पेचकस चालू इंजिनाला टेकवून, मूठ कानाशी धरून रोग सांगायचे, म्हणून हे नाव. चाळीस वर्षांत त्यांनी इतका धूर गिळला होता, की ते खोकले की बायको म्हणे, "आलं आमचं डबडं!" धूर संपलाच पाहिजे, असं म्हणून त्यांनी भाऊबंदांच्या शिव्याही खाल्ल्या.

मग भंगाराच्या आवारात त्यांना नोकरी लागली, इंजिनं मारायची. ऑइल काढायचं, त्याऐवजी तापल्यावर काचेसारखं घट्ट होणारं पाणी ओतायचं, ॲक्सिलरेटर दाबून धरायचा. दोन मिनिटांत इंजिन कायमचं जाम. मग 'निकामी' लिहिलेल्या कागदावर नाडीवाल्यांची सही. तो कागद दाखवला, की मालकाला बॅटरीच्या गाडीवर सवलत.

पण जित्याची खोड! गाडी खोकत आली, की हा बाबा आधी तिचे प्लग पुसणार, ट्यूनिंग करणार. "जाणाऱ्यानं धड श्वास घेऊन जावं," म्हणे. एवढे लाड केल्यावर मारायला हात कसा उचलावा? मग आधीच सही ठोकून स्वारी चहाला. पुढचं आवाराचे साहेब "आमची माणसं बघतील" म्हणून अंगावर घेत. फार मायाळू साहेब. असा मायाळू भेटला की आपण खिसा चाचपावा. पण नाडीवाल्यांची सगळी अक्कल कानात.

एका सकाळी चौकात त्यांच्या शेजारी निळी गाडी थांबली. रंग नवा, नंबर नवा. पण तिसऱ्या सिलिंडरची ती बारीक अडखळ? ती त्यांनीच जेमतेम झाकली होती! महिन्यापूर्वी कागदावर मेलेली गाडी त्यांच्या तोंडावर धूर सोडून गेली. नाडीवाले तडक साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

साहेबांनी लपवलंसुद्धा नाही. "उस्ताद, तुम्ही इतक्या टुणटुणीत करून देता, मारायच्या कशा? गिऱ्हाईक तुमच्या हातावर खूश आहे!"

"आणि माझी सही?"

"झकास आहे. जरा ठळक काढत जा."

साहेबांची किळस आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची. धूर संपवायला निघालेला माणूस धुराला न्हाऊमाखू घालून परत पाठवत होता.

त्या दिवशी ते चहाला गेले नाहीत. आवारातल्या अकरा गाड्यांच्या किल्ल्या खिशात घातल्या आणि एकेक मारत सुटले. इंजिन किंचाळे, आत काहीतरी कडाडे, मग जळका उग्र वास. साहेब धावत आले, "अहो, पांढऱ्या गाडीचं गिऱ्हाईक ऑफिसात बसलंय!"

"त्याला म्हणावं, अंत्यदर्शन घे."

मग सरकारी कचेरीत जाऊन त्यांनी आपल्या आधीच्या सगळ्या सह्या खोट्या असल्याचं लिहून दिलं. बायकोनं कपाळाला हात लावला. "म्हणजे अडकणार तुम्हीच!"

झालंही तसंच. चौकशीचे अधिकारी आले ते पेट्रोलच्या गाडीतून. आत गारवा राहावा म्हणून ती तासभर दारात सुरूच होती. साहेबांशी हसतखिदळत त्यांनी नाडीवाल्यांच्या नावानं जबाब तयार केला: मिस्त्रीनं साहेबांना फसवलं.

"हं, इथं सही करा."

"नाही करणार," नाडीवाले म्हणाले.

"का हो? आजवर तर न बघता करत होता!"

"म्हणूनच," म्हणून नाडीवाले खिडकीबाहेर थुंकले.