झकेरियाभाईंचे भाकीत

पनवेलचे झकेरियाभाई तरुणपणी कुवेतला राबले. आईचा आवाज कॅसेटमधून यायचा. तो डोळे मिटून ऐकावा, मग तो पुसून त्याच कॅसेटवर आपले उत्तर भरावे नि घरी धाडावे, असा मोहल्ल्यातून तिकडे गेलेल्या साऱ्यांचा रिवाज.

“एक तरी राखून ठेव, येड्या,” सोबती अदीब म्हणाला.

“कशाला? उद्या फोन खिशात येईल, अम्मी समोर बसून बोलेल,” भाई हसले.

फोनचे भाकीत अक्षरशः खरे झाले. अम्मी मात्र त्याआधीच अल्लाला प्यारी झाली.

काल दुबईहून नात जास्मीन फोनच्या पडद्यावर आली. म्हणाली, “दादा, तुमची अम्मी बोलायची कशी?”

भाईंनी अम्मीचे शब्द सांगितले, लाडाची हाक सांगितली; पण ज्या आवाजाने जीव पोसला, तो आवाज काही केल्या त्यांना आठवेना.