मामांचा पसंतीक्रम

माझ्या बायकोच्या मामांना विचारल्याशिवाय गिरगाव ते लालबाग या टापूतलं एकही मूल अकरावीला गेलेलं नाही, असं मामा स्वतः म्हणत नाहीत; पण दुसऱ्या कोणी म्हटलं तर खोडूनही काढत नाहीत. एका कॉलेजच्या ऑफिसात ते जन्मभर खिडकीच्या आत बसले आणि निवृत्त झाल्यावर खिडकीबाहेरच्यांना सामील झाले. दहावीचा निकाल लागला की फणसवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांबाहेर चपलांचा ढीग पडतो. लालबागच्या आया, परळचे बाप, खोताच्या वाडीतली एखादी आंटी, सगळ्यांना मामा सारख्याच तिरसटपणाने वागवतात. "आम्हाला अठ्ठ्याऐंशी पडले," असं एक वडील कौतुकाने म्हणाले, तर मामा म्हणाले, "तुम्हाला? अभिनंदन! मग तुम्हीच जा कॉलेजला. पोराला कशाला आणलंत?" त्यांच्याकडे उत्तर मुलानेच द्यायचं. आई मध्ये बोलली की तिची रवानगी आत, मामींना कांदे चिरून द्यायला. निकालाच्या दिवसांत मामी स्वतः एकही कांदा चिरत नाहीत. शिवाय कॉलेज बघून आल्याशिवाय ते त्याचं नाव फॉर्मात भरू देत नाहीत. "घरून निघायचं, तिथला जिना चढायचा, तिथलं पाणी प्यायचं. मग बोल." एका मुलाने ते पाणी पिऊन पहिल्या नंबरचं कॉलेज थेट दहाव्यावर नेलं होतं.

गेल्या वर्षी आमच्या लेकीचा नंबर लागला. तिला इतिहास शिकायचा होता, आणि तोही चर्चगेटकडच्या एका कॉलेजातच. मामांनी तिच्याकडून दहा कॉलेजांचा पसंतीक्रम भरून घेतला. घरी लालबागला आल्यावर मात्र मी हिशेब मांडायला बसलो. एवढ्या लांब, आणि नाही लागलं तर? ती आंघोळीला गेली असताना मी घराजवळचं कॉलेज गुपचूप पहिल्या नंबरवर सरकवलं.

फॉर्म लॉक करण्याआधी यादी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायची, असा मामांचा दंडक आहे. लेक पहिलंच नाव वाचून थांबली. मामांनी चष्मा काढला.

"जावईबापू, हे काय?"

"सेफ्टी म्हणून, मामा."

"अहो, पहिल्या नंबरचं मिळालं की घ्यावंच लागतं! पुढच्या याद्या तिला बंद. सेफ्टी तळाला ठेवतात, डोक्यावर नाही. जा, कांदे चिरा."

मी उठलो. मागून लेक म्हणाली, "बाबा, मला तिथेच जायचंय असं मी तुम्हाला सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. मी मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते सगळंच कांद्याचं नव्हतं.

दुसऱ्या यादीत तिला तिचं कॉलेज मिळालं. मामांकडे पेढे देऊन आलो, ते शेवटचं. परवा ठाकूरद्वारच्या नाक्यावर मामा भेटले तेव्हा मी ओशाळून म्हटलं, "पोरगी आली नाही तुमच्याकडे, रागावू नका."

"रागावू कशाला? प्रवेशानंतर परत येतात ती कॉलेज बदलून मागायला. नाही आली म्हणजे रमली." मामा हसले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "इतिहासाला कोण आहे हो तिला? बाई की सर?"

 इतक्या महिन्यांत मी तिला ते विचारलंच नव्हतं.