नको म्हणायचा फासा

आबाचं वय बत्तीस, पण बोलणं सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरीसारखं. कुठलीही गोष्ट नियम सांगितल्याशिवाय त्याच्या घशाखाली उतरायची नाही. म्हणून आम्ही त्याला आबा म्हणायचो, आणि त्यालाही ते आवडायचं.

दर रविवारी दुपारी त्याच्या अंधेरीच्या घरी आमचा खेळ असायचा. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड एवढ्यावर चालणारा. सायली, नितीन आणि मी तीन सुपरहिरो. आबा म्हणजे उरलेलं सगळं जग, म्हणजे खलनायक, पोलीस, हवामान, सगळं. माझी नायिका चकवा. ज्याला हात लावेल त्याला ती क्षणात दुसरीकडे पोहोचवायची. त्या रविवारसाठी मी घाटकोपरहून मेट्रोने यायचे आणि खरं सांगायचं तर उरलेला आठवडा त्याच्याच आशेवर काढायचे.

या शक्तीसाठी आबाने खास नियम केला होता. आधी स्पर्श झाला पाहिजे. मग ज्याला जायचं नाही त्याला एक फासा. त्याचा आकडा मोठा आला, तर तो जागचा हलणार नाही. "नको म्हणायची संधी प्रत्येकाला, यार. चोरालासुद्धा," असं तो म्हणायचा. एकदा आमची तीन महिन्यांची योजना खलनायकाच्या एका फाशाने पाण्यात गेली. नितीन ओरडला, "वाट लागली!" आणि आबाने मात्र टाळ्या वाजवल्या.

मी भांडायचेच. एकदा एका गुंडाला खारदांड्यापुढे भर समुद्रावर, हवेत सोडायचं ठरवलं. आबाने पेन्सिल खाली ठेवली. "पायाखाली जमीन दे त्याला. मारायचं तर समोर उभी राहून मार. दुसरीकडे पाठवून हात झटकायचे नाहीत." तासभर वाद घातला मी. सायली मोबाइल बघत बसली होती. शेवटी गुंड आरे कॉलनीतल्या गोठ्यात पडला आणि आम्ही पोट धरून हसलो. या माणसावर माझा जीव होता, कारण तो खोट्या माणसांशीसुद्धा खरं वागायचा.

मग एका रविवारी त्याच्या खलनायकाने चकवाचीच शक्ती चोरून तिला हात लावला. मी फासा उचलला.

"राहू दे," आबा म्हणाला. "या वेळी फासा नाही. चकवा गेली."

"कुठे?"

"कळेल पुढे. परत आली की बोलावतो तुला."

सायली आणि नितीन आपापल्या कागदात बघत होते. मला वाटलं, काय झकास वळण दिलंय! सात रविवार थांबले. चकवा कुठे अडकली असेल त्याची चार पानं लिहून पाठवली. मोबाइलवर त्याने वाचल्याची खूण आली, एवढंच.

आठवड्याभराने कामासाठी अंधेरीला गेले, तर बाजारात त्याची आई भेटली. हातातली कोथिंबीर तशीच धरून म्हणाली, "अगं, येत का नाहीस तू? तुझ्या जागेवर ती नवी मुलगी बसते, पण ती काही बोलतच नाही बघ."

पुढच्या रविवारी मी गेले. आबा जिन्यात भेटला, हातात बिस्किटांचे पुडे. चार जणांचे. वरून नितीनचं हसणं ऐकू येत होतं.

"दर वेळी तुझा वाद," तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला. "सायली म्हणाली, एक तर ती, नाहीतर मी. काय करणार होतो मी?"

"तोंडावर सांगायचंस. निदान फासा तरी द्यायचास, आबा."

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आणि जिंकली असतीस तर?"