देवासमोर वाचलेली वही

इंग्रजी निबंधातली आई पहाटे उठते, सडा घालते, तुळशीला पाणी देते आणि मुलांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगते. आमच्या वर्गात सगळ्यांची आई अशीच होती, कारण गाईड एकच होतं आणि ते आळीपाळीने सगळ्यांच्या घरी जायचं. सहलीचा निबंध आंबोलीचा. धुकं, धबधबा, थंड हवा, सगळं तोंडपाठ. वर्गातल्या एकानेही आंबोली पाहिलेली नव्हती. मी तर तोवर एसटीतसुद्धा बसले नव्हते.

मॅट्रिकच्या पेपरात मात्र 'आमच्या घरातली सकाळ' असा निबंध आला. तो गाईडात नव्हता. मी पंधरा मिनिटं पेन चावत बसले आणि शेवटी आमच्या घरातल्या सकाळीत आंबोलीचा धबधबा घालून मोकळी झाले. बाकी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत आपटले.

ही पन्नासच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी. बाबा रापणीवर जायचे, म्हणजे गावाने मिळून समुद्रात टाकलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढायला. वाट्याला आलेली मासळी आई पाटीत घालून, डोक्यावर घेऊन बाजारात विकायची. बाजाराची वाट हायस्कूलच्या फाटकावरून जायची. आमच्या वाडीतून त्या फाटकातून आत गेलेली मुलगी मी एकटीच, आणि ती केवळ आईच्या हट्टामुळे. आईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

निकाल लागला तसं बाबांनी रेडीचं एक स्थळ काढलं. मुलगा बंदरात लोखंडाची माती भरायच्या पडावावर, म्हणजे मोठ्या होडीवर, कामाला होता. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत होतं, पोरीने एवढं शिकून पाहिलं, जमलं नाही, आता बस्स. आई मात्र हटून बसली. "तेका परत बसूक देया," एवढंच ती सारखं म्हणायची. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा की रेडीला होकार कळवायचा, यावर घरात दोन महिने धुसफूस चालली.

इंग्रजीचे सर घाटावरून आलेले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि नापास झाले तरी वर्गात येऊन बस म्हणाले. माझ्या जुन्या वह्या समोर पसरून म्हणाले, "यात तू कुठे आहेस? ही आई कोणाची? रोज एक पान लिही. तुझं घर, तुझी माणसं, तुला काय आवडतं, काय आवडत नाही. चुकलं तर चुकू दे. पण खरं लिही."

आईने माझ्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढली आणि जाळं विणायच्या दोऱ्याने शिवून त्यांची एक वही केली. तिने शिवलेली वही ओढूनही फाटली नसती.

मी लिहू लागले. आमचं घर दर्याजवळ आहे. बाबा रापणीवर जातात. मला नकाशे काढायला आवडतात. मला शिंपले गोळा करायला आवडतात. आमची मांजर काळी आहे. पाच-पाच शब्दांची वाक्यं, एकापुढे एक. आठवडाभरात घर, दर्या, मांजर आणि शिंपले सगळे संपले. पान मात्र रोज एक हवं होतं, आणि खरं हवं होतं.

मग एके दिवशी मी ते लिहिलं. आदल्या वर्षी मैत्रिणींबरोबर फाटकात उभी असताना आई पाटी घेऊन समोरून आली होती. मैत्रिणींनी नाकाला पदर लावले. आईने मला पाहिलं, हसली, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मी वळून विहिरीच्या आड गेले. तेव्हापासून बाजारच्या दिवशी मी मागच्या कुंपणातून शाळेत शिरायची. हे सगळं मी इंग्रजीत उतरवलं. आई मासळी विकते. आईला वास येतो. मला तिची लाज वाटते. ती दिसली की मी दुसऱ्या वाटेने जाते.

खरं सांगायचं तर लिहिताना मला हलकं वाटलं. घरात, वाडीत कुणाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मनातलं ठेवायला मला एक जागा मिळाली होती आणि तिला कुलूपही लागत नव्हतं.

पण एक गोष्ट मला तेव्हा कळली नाही. वास, लाज, वाट हे शब्द मला येत होते, म्हणून ते मी लिहिले. जेवताना आई बांगड्याचा काटा सोडवून मांस माझ्या पानात ठेवायची आणि स्वतः डोकं चोखत बसायची. हे लिहायला मला शब्द नव्हते. मी पाढे म्हणत असताना ती मासळी चिरायची आणि मी चुकले की हात थांबवायची. तिला पाढे येत नव्हते, पण माझ्या आवाजावरून तिला चूक कळायची. हेही मला इंग्रजीत जमलं नसतं, म्हणून मी सोडून दिलं. दरिद्री भाषेत माणूस आधी वाईटच बोलतो. आज हे शहाणपण माझ्याकडे आहे, आणि ते कुणाच्या उपयोगाचं नाही.

आई रोज विचारायची, "आज काय लिवलंस गो?"

मी म्हणायची, "दर्यार."

एकदा तिने जरा लाजत विचारलं, "माजा नाव आसा काय तेच्यात?"

मी म्हटलं, "आसा मा. तुज्याबद्दल बरा लिवलंय."

ती नुसती हसली. ओले हात लागू नयेत म्हणून वही कोपराने सरकवून तिने फळीवर ठेवली.

चतुर्थी जवळ आली आणि फॉर्मची मुदतही. घरातला वाद काही मिटेना, तेव्हा आमच्याकडे जे करतात तेच ठरलं: देवाला कौल लावायचा. देवळात गुरव पाषाणाला पाण्याने पाकळ्या चिकटवतो. गावकर गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे सगळी हकिगत मांडून विचारतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला होकार भरतात. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. एकदा कौल पडला की बाबांचं चालत नाही आणि आईचंही नाही.

निघताना आईने ती वही स्वच्छ फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली. मी घाबरून विचारलं, वही कशाला? ती म्हणाली, "देव पण बघांदे तुजी मेहनत."

देवळात पंधरा-वीस माणसं होती. गावकर म्हणजे सत्तरीचे, ठणठणीत आवाजाचे. आईने वही पाषाणापुढे ठेवली तशी त्यांनी हात वर केला. "ह्या काय?" आईने सांगितलं. ते म्हणाले, "वयेत काय आसा ता देवाक आधी सांगूक होया. देवाक आंधळो कौल घालूचो नाय."

ते काही दुष्टपणाने म्हणत नव्हते. आमच्याकडे रीतच ती. देवापुढे काही ठेवलं तर ते काय आहे हे उघड सांगायचं. पण आजवर त्याच्यापुढे नारळ, तांदूळ, कोंबडा असलंच काही ठेवलं गेलं होतं. इंग्रजी वही पहिलीच.

चतुर्थीसाठी मुंबईहून आलेला एक चाकरमानी तिथे होता. गिरणीच्या ऑफिसात कारकून, पँट घातलेला. तो आनंदाने पुढे झाला. मी आईचा हात धरला, म्हटलं, नको, ते नुसतं अभ्यासाचं आहे. आई म्हणाली, "आयकूया मा. माज्याबद्दल पण लिवलंस मा तू?"

त्याने वही उघडली. वाक्य आधी इंग्रजीत म्हणायचा, मग मालवणीत अर्थ सांगायचा आणि थांबायचा. गाऱ्हाण्यातही माणूस असाच थांबतो. त्यामुळे तो थांबला की लोक सवयीने होकार भरू लागले.

"आमचा घर दर्याकडे आसा."

"व्हय महाराजा!"

"बापूस रापणीर जाता."

"व्हय महाराजा!"

बाबा खांबाशी उभे होते, त्यांनी मान ताठ केली. मांजर झाली, शिंपले झाले. माणसं मजेत होती. मी पानं मोजत होते आणि ते पान आलं.

"आवस मासळी इकता."

"व्हय महाराजा!" आईने पदर सारखा केला.

"आवशीक वास येता."

"व्हय महा…" निम्मी माणसं मध्येच थांबली. चाकरमान्याने पुढची ओळ मनात वाचली आणि वही मिटू लागला.

आई म्हणाली, "वाच रे. थांबलंस कित्याक? देवाकडे अर्धा सांगूचा नसता."

त्याने खाली बघत वाचलं. "माका तिची लाज वाटता."

फक्त कोपऱ्यात बसलेल्या एका बहिऱ्या म्हाताऱ्याने चाकरमान्याचे ओठ थांबलेले पाहून, एकट्याने, मोठ्याने म्हटलं, "व्हय महाराजा!"

"ती दिसली काय मी दुसऱ्या वाटेन जातंय."

"व्हय महाराजा!"

त्या म्हाताऱ्याचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं, असं लोक सहज बोलून जातात. मला ते खरोखर वाटलं होतं आणि आजही वाटतं.

गावकरांनी खाकरून गाऱ्हाणं घातलं. ह्या चेडवाक परत परीक्षेक बसवचा आसात तर उजवो कौल दी, महाराजा. पाकळी लगेच पडली. उजवी.

आई पाया पडली आणि वही पुन्हा फडक्यात गुंडाळली. घरी जाताना ती माझ्या पुढे चालली होती, आणि दोघींमध्ये दहा-बारा पावलांचं अंतर तिने शेवटपर्यंत राखलं. दारात पाय धुताना म्हणाली, "फॉर्म भर." रेडीचं नाव बाबांनी परत काढलं नाही.

ती रागावली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. तिने तसं काहीच केलं नाही. दुसऱ्या बाजारापासून तिने वाट बदलली. हायस्कूलवरून न जाता ती खाडीच्या बांधावरून जाऊ लागली. ती वाट दुपटीने लांब होती आणि ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलाची. माझी दुसरी वाट तिने स्वतःकडे घेतली. आणि माझ्याजवळ येण्याआधी ती आमसुलाच्या पाण्याने हात धुऊ लागली. पानात वाढायच्या आधी हात धुवायची, वही शिवायच्या आधी धुवायची, माझ्या केसांना तेल लावायच्या आधीही. बोटं नाकाशी नेऊन हुंगायची आणि मगच मला हात लावायची.

ऑक्टोबरात मी इंग्रजीत पास झाले. निबंध होता 'माझी आई'. मी गाईडातला लिहिला. सडा, तुळस, गोष्टी. खरं लिहायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं.

पुढे ट्रेनिंग झालं आणि खारेपाटणला मास्तरीण झाले. लोकांच्या मुलांना इंग्रजी शिकवू लागले, म्हणजे काय विनोद आहे बघा. बिऱ्हाडी आई कधी आली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर नारळ पाठवायची, आमसुलं पाठवायची, पोहे पाठवायची. मासळीचा सुका तुकडासुद्धा तिने कधी पाठवला नाही. शेजारणींकडे सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, कालवण शिजलं की मी दार लावून घ्यायची.

एका मे महिन्याच्या सुटीत मी धीर केला. ती पडवीत पाटीला तळ लावत बसली होती. मी म्हटलं, "आये, तेव्हा माका तेवढेच शब्द येत होते गो. बाकीचा माका लिवूक जमला नाय."

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "खरा ताच लिवलंस. मास्तरान सांगलेला ना, खरा लिवूक?"

आता माझ्याकडे शब्द होते, पानंच्या पानं लिहीन इतके होते, आणि त्यांतला एकही तिच्यापर्यंत पोचत नव्हता. तिला माझं वाचून दाखवलेलं एकदाच ऐकायचं होतं, ते ती ऐकून बसली होती.

साठचं दशक संपत आलं तेव्हा तिला पोटाच्या दुखण्याने हॉस्पिटलात ठेवलं. पाच महिने तिने मासळीला हात लावला नव्हता. मी उशाशी बसून तिचा हात धरला की ती तो हळूच सोडवून चादरीखाली न्यायची. शेवटच्या आठवड्यात ताकद नव्हती, म्हणून हात माझ्याच हातात राहिला. तिने डोळे उघडले आणि मला विचारलं, "अजून वास येता काय गो माजो?"

मी तिचा तळवा नाकाशी नेला. हॉस्पिटलच्या साबणाचा वास होता. दुसरा कसलाच नव्हता. मी पुन्हा पुन्हा हुंगला, बोटांच्या बेचक्यांत, नखांशी, मनगटाला. जीव गेला असता तरी चाललं असतं, पण तो वास यायला हवा होता.

"नाय गो आये," मी म्हटलं. तिच्या तोंडावर समाधान दिसलं आणि तिने डोळे मिटले.