वांझ म्हणायचं न्हाई

वालूरला आमच्या समोर राहणाऱ्या मावशींना मूलबाळ नाही, म्हणून ओटी भरायला त्यांना कोणी बोलावत नाही. बोलण्याआधी त्या घसा खाकरतात, समोरच्याला सावध केल्यासारखं.

यंदा गावात विकतचं सोयाबीन उगवलंच नाही. "बी वांझ निघालं," माझी जाऊ त्यांच्या दारात उभी राहून म्हणाली.

मावशींनी घसा खाकरला. "वांझ म्हणायचं न्हाई. पोती आपटत आणली, बी आतून फुटलं. त्याच्यात बियाचा काय कसूर?"

त्यांनी घरचं बी राखलं होतं, त्यातलं मूठभर ओल्या गोणपाटात उगवूनही पाहिलं होतं. दुबार पेरणीसाठी गल्लीतल्या सगळ्या बायका ते मागायला आल्या, आम्ही दोघी जावाही. जावेनं पिशवी पुढे केली.

"पिशवी मागून. आधी पदर कर."

पहिली ओंजळ ओटीत घेतल्याशिवाय त्या कोणालाच पोत्याला हात लावू देईनात. आम्ही एकीमागे एक पदर पसरून उभ्या राहिलो. माझी ओटी भरताना त्यांनी पुन्हा घसा खाकरला.

"उगवल्यावर सांगा गावाला, ओटी कोणी भरली ते."