कोतवालाची हद्द

मेढ्याला माझ्या रानाशेजारी एका हवालदाराचं रान होतं. गडी दुसऱ्या लढाईवरून पेन्शनीत आलेला, बोलताना हात सारखा मिशीला. त्या उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळीत कोतवाल पक्ष्यानं घरटं केलं, आणि खालून जाणाऱ्याच्या टाळक्यात तो चोच मारू लागला. जर्मनाला न भ्यालेला हवालदार फेटा सावरत माझ्या रानातून वळसा घालू लागला.

"मास्तर, अंडी हायती तवर त्येच्या अंगात आल्यालं असतंय. पिलं उडाली की उतरतंय."

तसंच झालं. पिलं उडाली, कोतवाल निवला. हवालदार वळशानंच जात राहिला. पेरणीला मी औत घातलं, तर हा कुऱ्हाड घेऊन आडवा.

"वाट हाय ही माजी. वहिवाट पडलीया."

याच्या अंगातलं कवा उतरतंय, ते तेवढं त्यानं सांगितलं नव्हतं.