वरची मुलगी आणि मारुतीपाशी थांबणारी घोडी

माझ्या नातवंडांनो,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की आजी, वरच्या खोलीत हल्ली दिवा का नसतो. उत्तर एका वाक्याचं आहे: वरची मुलगी शिक्षण संपवून नोकरीला नाशिकला गेली. पण तेवढ्यावर तुमची बोळवण करणं मला बरं वाटेना. तुम्ही तिला फोनच्या पडद्यावर येता-जाता पाहिलं असेल तेवढंच, आणि ती तर साऱ्या गारखेड्यातली सर्वांत कामसू आणि सर्वांत गैरसोयीची व्यक्ती होती. आठवण ताजी आहे तोवर लिहून टाकते.

लासूर स्टेशनची ही मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे भाड्यानं राहायला आली, आणि थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की जगात कुठंही काही फुकट करायचं असेल तर तिला ते केल्यावाचून राहवत नाही. रक्तदान शिबिरात वजन कमी भरतं म्हणून तिचं रक्त कोणी घेईना, तर तिनं बदली माणसं पुरवायला सुरुवात केली. आमच्याकडे गॅस घेऊन आलेल्या माणसाला ती बोलता बोलता शिबिरात घेऊन गेली. सिलिंडर जिन्यात आणि माझा कुकर ओट्यावर, दोघंही दुपारपर्यंत त्याची वाट बघत बसले. झाडं लावायच्या मोहिमेत तिनं कडुनिंबाचं रोप शेजारच्या वकीलसाहेबांच्या फाटकासमोर अशा बेतानं लावलं, की त्यांची गाडी बाहेर निघेना. ते तणतणत आले, तर ही शांतपणे म्हणाली, "काका, गाडी काय, तुम्ही विकालच एक दिवस. झाड राहील." रोप नंतर मीच माळ्याकडून गुपचूप हातभर सरकवून घेतलं.

मग तिला घोडे सापडले. जालना रोडला, करमाडच्या अलीकडे एक मैदान आहे. ज्या मुलांच्या हातापायांत, पाठीत जोर नसतो, त्यांना तिथं दर रविवारी घोड्यावर बसवून संथ फिरवतात. घोड्याच्या चालीबरोबर मुलाचं अंग डोलतं, आणि तोल सावरता सावरता पाठीला बळ येतं. एकानं लगाम धरायचा, दोघांनी दोन्ही बाजूंनी मुलाला सावरत चालायचं. वरची त्या बाजूनं चालणाऱ्यांत भरती झाली आणि आमच्या घराचा तबेला झाला. घोड्याला मागून जाऊन दचकवू नये, म्हणून ती मलाही मागून हाक मारेना. सोफ्याला वळसा घालून माझ्या डाव्या खांद्याशी यायची, "आजी, मी हाय" म्हणून वर्दी द्यायची, आणि मगच चहाचा कप ठेवायची. रक्तदाबाची गोळी, घोड्याला गूळ द्यावा तशी, चिमटीत न धरता सपाट तळहातावर ठेवून पुढं करायची. मी म्हटलं, अगं, मी चावत नाही. त्यावर म्हणाली, "सवय राहू द्या. रविवारी तुम्हालाबी यायचंय." आणि खरोखरच मला तिथं नेऊन, झाडाखाली खुर्ची टाकून, मुलांच्या हेल्मेटांची राखण तिनं माझ्याकडे सोपवली.

तिच्या वाट्याला एक पांढरी घोडी आली होती. घोडीचं सारं आयुष्य नवरदेव वाहण्यात गेलेलं, आणि पाय दुखायला लागल्यावर मालकानं तिला मैदानावर दिलेलं. आपल्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात, तुमच्या बाबालाही नेलं होतं. आता त्या मैदानाच्या कडेला मारुतीचं एक लहानसं देऊळ आहे. घोडी प्रत्येक फेरीला त्याच्यासमोर थांबायची, आणि कोणीतरी हात जोडल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. लगाम ओढला तर अंग दगडासारखं करायची. मग वरची आपली जागा दुसऱ्या कोणाला देऊन धावत पुढं जायची, घाईघाईनं नमस्कार करायची, धावत परत यायची, आणि घोडी समाधानानं चालू लागायची. एका सकाळी मारुतीला तिच्याइतके नमस्कार साऱ्या करमाडनं घातले नसतील.

बिडकीनहून एक गृहस्थ मोटारसायकलवर आपल्या लहान मुलाला घेऊन यायचे. मुलगा खोगिराची कडी दोन्ही मुठींनी इतकी घट्ट धरायचा की बोटं पांढरी पडत. हात सोडून बसता आलं तर शाळेच्या बाकावर बसता येईल, हातात पेन्सिल धरता येईल, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणायच्या. पण महिने गेले, तरी मुलगा कडी सोडेना आणि घोडी मारुती सोडेना. एका रविवारी बाप वरचीला म्हणाला, "ताई, नवस बोलून थकलो म्हणून इथं आलो. आता ही घोडीबी देवापुढंच नेऊन उभी करती. मग आम्ही घरीच बरे, नाय का?" तो रागानं बोलला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. डॉक्टरबाईंनीही सांगून टाकलं, की आपल्या मनानं थांबणारी घोडी या कामाला चालत नाही. पुढच्या रविवारी थांबली तर ती मालकाकडे परत जाईल. परत म्हणजे पुन्हा बँडच्या मागं, दुखऱ्या पायानं.

तो आठवडा वरचीनं कॉलेजात कमी आणि मैदानावर जास्त काढला. देवळावर माझा पलंगपोस बांधला. घोडी पलंगपोसासमोर थांबली. फेरी उलटी फिरवली. घोडी उलटी थांबली. शेवटी तिनं घोडीची समजूत काढली, "बाई, तुझी लग्नसराई संपली आता. ही नोकरी हाय." शनिवारी ती न जेवता वर निघून गेली. नुसत्या उत्साहानं होत नाही असं काम तिला बहुधा पहिल्यांदाच भेटलं होतं.

रविवारी घोडी थांबली. डॉक्टरबाई समोरच उभ्या होत्या. वरचीनं धावायला पाय उचलला आणि परत खाली ठेवला. घोडी जाणारच, तर आता धावून काय करायचं, असं तिला वाटलं असावं. मुलगा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. कोणीतरी हात जोडतं आणि मग आपण निघतो, एवढं त्याला इतक्या महिन्यांत पाठ झालं होतं. आज कोणीच जोडेना, तेव्हा त्यानं कडी सोडली. आधी एक हात, मग दुसरा. बोटं वाकडीच होती, पण हात छातीशी जुळले, आणि पाठ सरळ होती. बाप पुढं धावला, तशी वरची हळूच म्हणाली, "धरू नका, दादा. बसलाय तो."

पाठीवरचा भार हलला म्हणून की आणखी कशानं, मला ठाऊक नाही, घोडी निघाली. बाप देवळाच्या पायरीवर बसला. डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला आणि त्या म्हणाल्या, पुढच्या फेरीलाही थांबू द्या तिला.

वरची नाशिकला रमली आहे म्हणते. मला ते पूर्ण खरं वाटत नाही. बिडकीनचा मुलगा अजून चालत नाही, कदाचित चालणारही नाही, पण शाळेत बाकावर बसतो. घोडी थकली आहे, तरी मैदानातच आहे. मी रविवारी जाते. फेरी मारुतीपाशी थांबते, घोडीवरचं मूल हात सोडतं; कोणी जोडतं, कोणी सलाम करतं, कोणाला नुसतेच वर उचलता येतात. घोडीला तेवढं पुरतं.